पाय आपटला म्हणजे रुसला नाही

माझ्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या सशाच्या प्रत्येक पिंजऱ्यावर, दाराच्या वरच्या पट्टीवर, लाल ऑइलपेंटनं एक ओळ लिहिलेली असते: ‘पाय आपटला तर रुसला नाही. आधी मागं बघा.’ अक्षर माझंच, त्यामुळं वाचायला जरा वेळ लागतो. गिऱ्हाईक वाचतं, हसतं आणि विचारतं, “मामा, हे बायकोसाठी लिवलंय का सशासाठी?” मी म्हणतो, “सशासाठी. बायकोला मागं बघावं लागत नाही, तिला आधीच सगळं दिसलेलं असतं.” गिऱ्हाईक खूश होऊन पिंजरा टेम्पोत चढवतं आणि जातं. त्या ओळीमागची खरी हकिकत मी आजवर दोघा-तिघांनाच सांगितली, कारण तीत माझी शोभा होते. पण ‘तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा’ असं या अंकासाठी सांगणं आलं आणि मला दुसरं काही सुचेचना.

माझं नाव शांतवन. वय चोपन्न. नावाचा अर्थ दिलासा, आणि धंदा निवडला तो वेल्डिंगचा. सकाळी नऊला माझं ग्राइंडर सुरू झालं की आळीत कुणाला दिलासा मिळत असेल असं वाटत नाही. शिरूरला जुन्या मिशनच्या मागं आमचं घर, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याचं शेड. आधी मी सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांना खिडक्यांचे ग्रील करायचो आणि कोंबड्यांचे पिंजरे. मग रांजणगावला कंपन्या वाढल्या, लांबून लांबून माणसं कामाला आली, त्यांना पोरं झाली, आणि पोरांनी ससे मागितले. कुत्रं पाळू द्यायला घरमालक तयार नसतो. मांजर कुणाचं भाडेकरू म्हणून राहत नाही. ससा मात्र मुका, घरमालकाला पत्ताच लागत नाही. असा माझ्या शेडमध्ये सशाचा शिरकाव झाला.

सशाचा पहिला पिंजरा मी कसा केला? केलाच नाही. कोंबडीचा तयार होता तो दिला. खाली जाळी, वर जाळी, उंची जेमतेम हातभर. कोंबडीला चालतं ते सशाला न चालायला काय झालं, एवढाच माझा अभ्यास. असे किती पिंजरे दिले ते आठवायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

त्यातला एक दौंडला गेला. रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डसाहेब होते. बायको गेल्यावर मुलीनं त्यांना सोबतीला पांढरा ससा आणून दिला होता. दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गार्डसाहेब एसटीनं शिरूरला आले, पिंजरा मांडीवर घेऊन. रिकामा. तो त्यांनी माझ्या बाकावर ठेवला आणि शर्टाची बाही सारखी करत म्हणाले, “शांतवन, काल शेजारच्या पोरांनी माळ लावली. ह्यानं एकच उडी मारली, सरळ वर. वरच्या जाळीला आपटला. खाली पडला तो मागचे पाय हललेच नाहीत.”

मी म्हणालो, “आता फटाक्याला कोण काय करणार, साहेब.”

त्यांनी पिंजऱ्यात हात घालून छताला आतून बोट टेकवलं. मग म्हणाले, “रेल्वेचा डबा बांधताना आतला माणूस उभा राहील का, एवढं तर कुणीही बघतं.”

भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं. ह्यांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि पिंजरा तिथंच सोडून गेले. त्या पिंजऱ्यात मी आज वेल्डिंगच्या कांड्या ठेवतो. भंगारात घालायला तीनदा काढला, तीनदा परत आत आणला.

पुढच्या महिन्यात मी दुप्पट उंचीचा पिंजरा घेऊन न बोलावता दौंडला गेलो. गार्डसाहेबांनी दुसरा ससा आणला होता. त्यांचा जन्म झेंड्या आणि दिवे बघण्यात गेलेला. आता तीच नजर त्यांनी सशावर लावली होती. माझं सशाचं शिक्षण झालं ते त्यांच्या गॅलरीत, पाट टाकून बसून.

ससा समजून घ्यायचा तर आधी त्याचे मागचे पाय समजून घ्यावे लागतात. ते मोटरसायकलचे, बाकीचा सांगाडा सायकलचा. हाडं इतकी नाजूक की अधांतरी धरला आणि त्यानं लाथ झाडली, तर स्वतःच्याच झटक्यानं पाठ मोडून घेतो. म्हणून कानाला धरून उचलायचं नाही. कान ही मूठ नव्हे. गुळगुळीत फरशीवर सोडायचा नाही, पाय फाकतात. खाली गोणपाट किंवा सतरंजी हवी. पिंजऱ्याला खाली जाळी नको, तळवे सोलतात. मागच्या पायांवर ताठ उभा राहिला तरी कान छताला टेकता कामा नयेत. दौंडच्या त्या सशानंतर मी छताला आतून गोणपाटाची जाड घडी ताणून बांधतो. आणि सशाजवळ जायचं तर वरून वाकून जायचं नाही. त्याच्या लेखी वरून येतं ते सगळं घारच. आधी खाली बसायचं. बसायचं, लहान व्हायचं आणि वाट बघायची. “बसा, लहान व्हा,” हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आमची करुणा म्हणते, माझ्या थडग्यावर हेच कोरावं लागेल. करुणा म्हणजे माझी बायको. प्राथमिक शाळेत शिकवते. घरात कोण बसतं आणि कोण लहान होतं ते सांगायला नको.

गार्डसाहेबांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ससा कधी कधी मागचा पाय जमिनीवर जोरात आपटतो. धप्प! एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज, की शेजाऱ्याकडं पाटा खाली पडला असं वाटावं.

“ही लाल झेंडी,” गार्डसाहेब म्हणाले. “काहीतरी आलंय, असं तो बिळातल्या बाकीच्यांना कळवतो. ह्याला आता बीळ नाही आणि बाकीचेही नाहीत. आपणच बाकीचे.”

मी मान डोलावली, आणि पुढं हे ज्ञान गिऱ्हाइकांना माझंच म्हणून सांगू लागलो. पण डोक्यात शिरणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं. मराठी माणसाच्या घरात पाय कोण आपटतं? रुसलेलं पोर. मानपान न झालेला जावई. आमच्या घरात तर तो मान गेली कित्येक वर्षं माझ्याकडंच आहे. त्यामुळं ससा पाय आपटतोय म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप निघतं, ‘रुसलाय.’ भाषाच तशी शिकवते. भाषेवर ढकलतोय असं वाटेल, पण तो शब्द माझ्याच तोंडून निघाला. पुढं येतंच आहे.

त्याआधी सणसवाडीचं सांगतो, नाहीतर एक शब्द कळायचा नाही. तिथल्या एका ताईंचा फोन आला, “मामा, लगेच या, सशाला फिट येतीय! पळता पळता हवेत उडतोय, तिकडंच वाकडा होतोय, डोकं एकीकडं आन् पाय एकीकडं. सासूबाई म्हंत्यात अंगात आलंय, लिंबू उतरवा.” गेलो. रविवार होता, उपासना आटोपून करुणाही बरोबर होती. खोलीत ससा सोडला. तो एक फेरी धावला, टुणकन उडाला, हवेत अंगाला पीळ दिला, पाय झाडले आणि उतरून परत धावला. सासूबाईंनी लिंबू हातात घेतलं. करुणा खदखदून हसली. म्हणाली, “अहो आजी, त्याला काही झालेलं नाही. पोट भरलंय, जागा मिळालीय, भीती नाही. तो हालेलुया करतोय!”

तेव्हापासून आमच्या धंद्यात त्या उडीचं नाव हालेलुया. आता सगळ्या जातीधर्माची गिऱ्हाइकं बिनदिक्कत विचारतात, “मामा, आमचा अजून हालेलुया मारत न्हाई, काय कमी पडतंय?” पाद्रीसाहेबांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

आता कवठे येमाई. तिथं उसाच्या मधोमध एका आप्पांची वस्ती आहे. बागायतदार माणूस, गावकीत शब्दाला वजन. त्यांच्या सुनेचं नाव वैशाली, नात पिहू, वय सहा, आणि पिहूचा ससा कापूस. पिंजरा मी केलेला, आणि माझ्या हातून झालेला तो सगळ्यात चांगला पिंजरा होता. घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, सशाला बाहेर उड्या मारता याव्यात म्हणून भोवती चार फुटी जाळीचं आवार. जागाही मीच निवडली. सशाला ऊन सोसत नाही, म्हणून उसाच्या कडेची. तिकडून गार झुळूक येते. बसवायच्या दिवशी करुणा आली होती. दुपारभर ती आणि पिहू शाळाशाळा खेळल्या, सावधान-विश्राम, डावं-उजवं. आणि मी पिहूला माझा मंत्र दिला: कापसापाशी जायचं तर बसायचं, लहान व्हायचं, हलायचं नाही. पोरगी हुशार. एकदा सांगितलं ते धरून बसली.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाची गोष्ट. मलठणला एक गेट बसवून आम्ही दोघं चहाला थांबलो होतो. ऊन कलायला लागलं होतं. वैशालीचा फोन आला.

“मामा, कापूस चार दिस झालं सारखा पाय आपटतोय बघा. हालेलुया तर बंदच झालंय. गाजर दिलं तरी तोंड फिरवतोय.”

मी हसलो. “रुसलाय.”

“रुसाय काय झालं त्याला? बरं, त्याला काय दिसत तर नसंल ना? हितं उसात…”

“अगं, बिबट्या ओढ्याच्या पलीकडं दिसला म्हणत होते ना आप्पा? आणि कुत्रं आहे की तुमचं. ते भुंकतंय का?”

“कुत्रं दोन दिस झालं दिसंना.”

“सासरी गेलं असंल,” मी म्हणालो. टपरीवाला हसला, म्हणून मला आणखी चेव आला. “दिवाळीची सुट्टी संपून पिहू परत शाळेला जायला लागली ना? मग एकटं पडलंय ते. तिला म्हणावं जरा त्याच्याजवळ बस, लाड कर. दोन दिवसांत रुसवा जाईल.”

“बरं. आत्ताच बसवते, मी तवर धारा उरकते.”

फोन ठेवला. करुणानं बशी खाली ठेवली.

“कधी आपटतो म्हणाली?”

“चार दिवस झाले.”

“ते नाही. दिवसातून कधी?”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, वाजत राहिला. वैशालीकडं दूध काढायचं मशीन. ते सुरू झालं की गोठ्यात शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही, आणि फोन स्वयंपाकघरात. आप्पांना लावला. उचलला.

“आप्पा, ससा पाय आपटतो तो कोणत्या वेळेला?”

“हॅलो? शांतवन व्हय? डेअरीवर हाय मी. ससा? त्यो व्हय, त्यो दिवस मावळतीला सुरू हुतो. रोजचंच झालंय. का रं?” आणि रेंज गेली.

करुणा माझ्याकडं बघत होती. “तुम्ही रुसता ते घड्याळ बघून रुसता का?” तिनं अगदी हळू विचारलं. “रोज एकाच वेळेला? आणि कुत्रं नाही?”

गार्डसाहेबांचा आवाज मला त्या टपरीवर स्पष्ट ऐकू आला. आपणच बाकीचे. चार दिवस तो मुका जीव कळवत होता, आणि बाकीच्यांतल्या सगळ्यात जाणकार माणसानं कळवणाऱ्यापाशी नेऊन एक सहा वर्षांची पोर बसवली होती. खाली बसवली होती. लहान केली होती.

आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे: बिबट्याच्या वाटेवर बसायचं नाही, वाकायचं नाही. उभ्या माणसाला तो बिचकतो. बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. आणि आवाराची माझी चार फुटी जाळी? सशाला ती पुरते. बिबट्याला तो उंबरठा.

टेम्पो काढला. मलठणहून कवठ्याचा रस्ता मी डोळे झाकून जाईन, पण त्या दिवशी पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस लोंबतोय आणि वर टेपवर गाणी. हॉर्न दिला. त्याला ऐकू येईना. करुणा खिडकीतून अर्धी बाहेर निघून हात करत होती. एरवी मी गाडी चालवताना ती ‘हळू, हळू’ म्हणते. त्या दिवशी एकदाही म्हणाली नाही, त्यानंच मला जास्त भीती वाटली. डावीकडं उसाच्या तुऱ्यांवर सूर्य टेकत आला होता. एका वळणावर ट्रॅक्टर जरा आत झाला आणि मी टेम्पो चारीच्या कडेनं पुढं काढला. एक चाक हवेत होतं असं करुणा नंतर म्हणाली. मी बघितलं नाही.

वस्तीच्या रस्त्याला लागल्यावर इंजिन बंद करून टेम्पो घरंगळत नेला. का, ते सांगता येत नाही. वीस वर्षांची सवय, सशाच्या घरी गाजावाजा करत जायचं नाही. गोठ्यातनं मशीनची घरघर येत होती. तिच्यावरून दुसरा आवाज आला.

धप्प!

थोडं थांबून परत. धप्प!

आणि त्याच्या मागोमाग एक हलका, चपलेचा. टप.

पिहू पिंजऱ्यापुढं उकिडवी बसली होती, पाठ उसाकडं. कापसानं पाय आपटला की तीही बसल्या बसल्या आपटत होती आणि म्हणत होती, “मी पन रुसले. जा.”

कापूस पिंजऱ्याच्या मधोमध ताठ. दोन्ही कान उभे, दोन्ही एकाच दिशेला वळलेले. सशाचे कान म्हणजे दाखवणारं बोट असतं, हेही मीच लोकांना सांगतो. त्या बोटाच्या रेषेत मी बघितलं. जाळी, तिच्यापुढं ठिबकची नळी, बांधावरचं गवत, उसाचं पडलेलं पाचट. पाचटाच्या रंगाचंच काहीतरी आडवं. मला वाटलं पाचटच आहे. मग त्या पाचटाचं टोक हललं. एकदा इकडं, एकदा तिकडं. वारा नव्हता.

पिहूपासून ते किती अंतरावर होतं? मी ग्रीलवाला आहे, नजरेनं माप काढणं हा माझा धंदा. त्या दिवशी माप काढलं नाही. काढवलं नाही.

ओरडलो तर पोर दचकून पळेल, आणि पळणाऱ्याच्या मागं जाणं हा त्या जातीचा धर्म. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो, “पिहू, बाळा, उभी राहा बरं.”

तिनं मान वळवली. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. “शूऽऽ मामा! कापूस भ्याला हाय. तुम्हीच सांगितलं ना, बसायचं. हलायचं न्हाई.”

आणि आणखी खाली बसली.

माझे गुडघे वाकायला लागले. खोटं सांगत नाही. घाबरलेलं जनावर समोर असलं की खाली बसायचं, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की त्या घटकेलाही माझे पाय मला खाली न्यायला निघाले होते. दंडाला करुणाचा चिमटा बसला तेव्हा मी ताठ झालो. आणि मग माझ्या शेजारून तो आवाज निघाला. तो ती घरात कधी वापरत नाही. शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत पोचायला लागतो तो.

“पिहूऽ! सावऽऽधान!”

पोरगी ताडकन उभी राहिली. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, छाती पुढं, नजर समोर. सहा वर्षांची पोर, पण उभी राहिली की चांगली दिसण्याएवढी उंच होती.

गवतातलं ते डोकं वर आलं. आता ते मला सरळ दिसत होतं, आणि त्याला मी.

टेम्पोच्या हौद्यात गेटचे उरलेले अँगलचे तुकडे होते. दोन हातांत दोन घेतले. एकमेकांवर आपटायच्या आधी एक क्षण मला दौंड दिसलं. फटाक्यांची माळ, सरळ वर घेतलेली उडी, न हलणारे पाय. पिंजरा माझ्यापासून दहा पावलांवर. ह्या आवाजानं कापसाचं काय होईल हे त्या आवारात फक्त मला माहीत होतं. आपटले.

लोखंडावर लोखंड आपटत, “हो हो होऽऽ” करत मी जाळीकडं निघालो, हात डोक्याच्या वर. माझी उंची पाच फूट तीन इंच. आयुष्यात पहिल्यांदाच मी मोठा व्हायचा प्रयत्न करत होतो. डाव्या बाजूला पिंजऱ्यात धाडकन आवाज झाला. मी तिकडं बघितलं नाही. बिबट्या उठला. पळाला नाही, घाई कशाला करायची असं उठला, माझ्याकडं एकदा बघितलं, वळला आणि उसात गेला. दोन सऱ्यांपर्यंत पानं हलली. मग तीही थांबली.

करुणानं पिहूला फळीसारखी उचलली आणि ओट्यावर नेऊन उभी केली. पोरगी तशीच, हात मांड्यांना चिकटलेले.

मशीन बंद झालं. वैशाली दुधाची बादली घेऊन कोपऱ्यावरनं आली. आम्हाला बघून आधी हसली. “मामा! तुम्ही स्वतःच आला व्हय? गेला का रुसवा?”

मग तिला माझ्या हातातले अँगल दिसले, ओट्यावरची पोर दिसली, आणि करुणाचा चेहरा. मी उसाकडं हात केला. शब्द एवढाच निघाला, “आत गेला आत्ता.”

तिनं बादली खाली ठेवली. सांडू न देता, अगदी सावकाश. पिहूच्या डोक्यावर, पाठीवर, हातापायांवरनं हात फिरवला. सगळं जागच्या जागी आहे याची खात्री झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, “मी इचारलं व्हतं, मामा.” आवाज चढलेला नव्हता. “त्याला काय दिसत तर न्हाई ना म्हनून मी इचारलं व्हतं तुम्हाला.”

गार्डसाहेबांच्या बाबतीत मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय तरी होती. इथं ठाऊक असून मी टपरीवाल्याला हसवत बसलो होतो.

“कापूस?” ओट्यावरनं पिहूनं विचारलं. मान न वळवता.

मी पिंजऱ्याकडं गेलो. छताची गोणपाटाची घडी एका बाजूनं सुटून लोंबत होती. खाली कोपऱ्यात कापूस कुशीवर पडला होता. डोळा उघडा. पोट लटलट हलत होतं. मागचे पाय लांब झालेले, स्थिर. तसेच. दौंडच्या सशाचं गार्डसाहेबांनी सांगितलं होतं, अगदी तसेच. हात लावायची हिंमत होईना. उचलला आणि पाठ आधीच मोडलेली असली तर मीच ती पुरी मोडणार.

मी अँगल हळूच जमिनीवर ठेवले आणि खाली बसलो. दुसरं मला येतच काय होतं? करुणा एक अँगल उचलून माझ्या पाठीशी, उसाकडं तोंड करून उभी राहिली. वैशालीनं दुसरा उचलला आणि ओट्याची पायरी धरली. सूर्य गेला होता, उजेड होता. बादलीतल्या दुधावर फेस बसत गेल्याचा चुरचुर आवाज ऐकू येत होता, इतकं शांत.

मधेच थोडं पुढचं सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. आप्पा आले. सगळं मी माझ्या तोंडानं त्यांना सांगितलं, काही न वगळता. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “चुकला तर चुकला. पर उद्या येतो म्हनून घरी न्हाई गेलास.” दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली, बांधावर ठसे मिळाले, त्यांनी त्यांचा मोठा पिंजरा लावला. त्याची झडप अडत होती, ती सरळ करायला आप्पांनी मलाच बोलावलं. पिंजरेवाल्याला कुठल्या पिंजऱ्याचं काम निघेल सांगता येत नाही. आठवड्यानं बिबट्या सापडला, त्याला घेऊन गेले. कुत्रं मात्र परत आलं नाही. आणि सशाचा पिंजरा मी उसाकडनं हलवून ओट्यावर, स्वयंपाकघराच्या दारासमोर आणला.

तर मी बसलो होतो. किती वेळ, माहीत नाही. कापसाच्या नाकपुड्या जरा संथ झाल्या. मग त्यानं पुढचे पाय गोळा केले. अंग उचललं. मागचे पाय अंगाखाली ओढून घेतले. एक, आणि दुसरा. उठून बसला. माझ्याकडं बघितलं, आणि आपटला.

धप्प!

मोडलेल्या पाठीच्या सशाला हे जमत नाही. मी पिंजऱ्याच्या पट्टीवर कपाळ टेकलं. करुणा म्हणते मी रडलो. डोळ्यांत वेल्डिंगचं गेलं होतं, असं मी म्हणतो. त्या दिवशी मी वेल्डिंग केलं नव्हतं हा तिचा मुद्दा आहे.

“मामा,” वैशाली घाईनं म्हणाली, “त्यानं पाय आपटलाय. आधी मागं बघा!”

आम्ही तिघांनीही मागं बघितलं. ऊस उभा होता. पान हलत नव्हतं. कुणीही नव्हतं. एकटा मीच होतो, हातात लोखंड घेऊन बोंबलत आलेला. तो इशारा माझ्याबद्दलच असावा.

ओट्यावर पिहू अजून ताठ उभी होती. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना. फक्त हनुवटी थरथरायला लागली होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “विश्राम म्हना की आता.”